गहुंजे, अ‍ॅम्बी व्हॅली आणि फोर्स इंडिया

पुण्याहून द्रुतगती मार्गाने मुंबईकडे निघाले, की मावळ तालुक्यात प्रथम गहुंज्याचे क्रिकेट स्टेडियम लागते. पुढे लोणावळ्याहून एक रस्ता डोंगरातील अ‍ॅम्बी व्हॅलीकडे जातो. या दोन्ही ठिकाणांवर एकेकाळी सहारा समूहाचे नाव होते. ऑक्टोबर २०११ मध्ये हेच नाव फॉर्म्युला वनच्या मोटारींवरही झळकले. समूहाने सुमारे दहा कोटी डॉलर मोजून फोर्स इंडिया या संघात साडेबेचाळीस टक्के हिस्सा घेतला आणि संघ ‘सहारा फोर्स इंडिया’ झाला. मालकांचे ग्रह फिरल्यावर स्वतंत्र संघाचे काय होते, याचा धडा या संघाच्या इतिहासात आहे.

स्वतंत्र संघ म्हणजे काय?

फेरारी किंवा मर्सिडीज यांच्या संघामागे मोटार कंपनीचा खजिना उभा असतो. स्वतंत्र संघ मोटारीचा सांगाडा स्वतः तयार करतो, इंजिन मात्र विकत घेतो. त्याचा खर्च प्रायोजक, बक्षिसाच्या रकमेतील वाटा आणि मालकाची पत यांवर चालतो. यांपैकी एक आधार जरी डळमळला, तरी पुढच्या मोसमाची मोटार वेळेवर तयार होईल याची शाश्वती राहत नाही.

फोर्स इंडियाचे मूळ भारतात नव्हते. एडी जॉर्डन यांनी १९९१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरवलेला हा संघ पुढे मिडलँड आणि स्पायकर या नावांनी धावला. विजय मल्ल्या यांनी भागीदारासह तो २००७ मध्ये विकत घेतला आणि २००८ च्या मोसमापासून तो फोर्स इंडिया म्हणून उतरला. कारखाना इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथेच राहिला. परवाना तेवढा भारतीय झाला. पहिल्या मोसमात संघाला एकही गुण मिळाला नाही. मात्र २००९ च्या बेल्जियन ग्रांप्रीत जियानकार्लो फिजिकेला याने पोल पोझिशन मिळवली आणि शर्यतीत विजेत्या किमी रायकोनेनच्या मागे एका सेकंदाहून कमी अंतराने दुसरे स्थान पटकावले.

मालक घसरले, संघ चढला

ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे २४ हजार कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी मल्ल्या यांच्या किंगफिशर एअरलाइन्सची विमाने जमिनीवर आली. २०१३ मध्ये सहाराचा पुणे वॉरियर्स संघ आयपीएलमधून बाहेर पडला. गहुंज्याच्या स्टेडियमवरून सहाराचे नावही उतरले. मार्च २०१६ मध्ये मल्ल्या यांनी देश सोडला, तर २०१७ मध्ये न्यायालयाने अ‍ॅम्बी व्हॅलीवर टाच आणून तिच्या लिलावाचा आदेश दिला.

आश्चर्य असे, की याच काळात संघाची कामगिरी उंचावत गेली. २०१६ आणि २०१७ या दोन्ही मोसमांत त्याने संघांच्या क्रमवारीत चौथे स्थान मिळवले. आपल्याहून कितीतरी श्रीमंत प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकणारा संघ, असा त्याचा लौकिक झाला. बक्षिसाच्या रकमेचे वाटप मोठ्या संघांना झुकते माप देते, अशी तक्रार त्याने २०१५ मध्ये सॉबर संघासह युरोपीय आयोगाकडे केली होती.

मात्र पुरवठादारांची देणी गुणांनी फिटत नाहीत. जुलै २०१८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने संघ प्रशासकांच्या हाती सोपवला. हा अर्ज संघाचाच चालक सर्जियो पेरेझ याच्या बाजूने आला होता. त्याचेही पैसे थकले होते. पण संघ कायमचा बंद पडून चारशेहून अधिक कर्मचारी बेकार होऊ नयेत, यासाठी हे पाऊल उचलल्याचे त्याने सांगितले. कॅनडाचे उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने संघ घेतला आणि नोकऱ्या वाचल्या. जुनी कंपनी मागे पडल्याने संघाचे ५९ गुण मात्र रद्द झाले. मोसमाच्या मध्यावर शून्यापासून सुरुवात करूनही त्याने ५२ गुण कमावले आणि सातवे स्थान गाठले.

मागे काय उरले?

२०१९ मध्ये संघ ‘रेसिंग पॉइंट’ झाला आणि २०२१ पासून तो ‘अ‍ॅस्टन मार्टिन’ या नावाने धावतो. भारताचे नाव त्यातून पुसले गेले. संपूर्ण दहा वर्षांत या संघाकडून एकही भारतीय चालक ग्रांप्रीत उतरला नाही, ही उणीव राहिलीच.

तरी एक धागा टिकला. संघाने २०११ मध्ये घेतलेल्या ‘वन फ्रॉम अ बिलियन’ या शोधमोहिमेत मुंबईचा जेहान दारूवाला हा १३ वर्षांचा मुलगा निवडला गेला होता. डिसेंबर २०२० मध्ये बहारीनमध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. मालकांची नावे फलकांवरून उतरली. सिल्व्हरस्टोनचे कामगार आणि मुंबईचा हा चालक मात्र शर्यतीत राहिले.