सहा नळ्यांचं रॉकेट

बर्फ वितळलं, मैदानं मोकळी झाली, आणि मुलं घराबाहेर पडायला लागली. म्हणून आज आपल्या ‘हातांना काम’ या भागात बोलू या किटमधून रॉकेट बांधण्याबद्दल. दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या रॉकेटला मागे तीन-चार चपटे पंख असतात. आमच्या घरी आलं ते थोडं वेगळं. त्याला पंखच नाहीत, पंखांच्या जागी सहा कागदी नळ्या.

तुमच्याकडे क्वार्टरची सात नाणी असतील तर एक टेबलावर ठेवा आणि बाकीची सहा त्याच्याभोवती मांडा. अगदी नेमकी बसतात, ना फट राहते ना गर्दी होते. या रॉकेटचं गणित तेच. मधली नळी म्हणजे रॉकेटचं अंग, आणि तेवढ्याच जाडीच्या सहा आखूड नळ्या शेपटाकडे भोवती चिकटवायच्या. साध्या किटमध्ये पंख सरळ रेषेत चिकटवताना नाकी नऊ येतात. इथे नळ्या एकमेकींना धरून आपोआप सरळ राहतात. मात्र आधी गोंद न लावता रबरबँडने बांधून बघा. थोडी फट राहिलीच तर ती सगळीकडे सारखी वाटून घ्या.

आम्ही इथेच चुकलो. नळ्या पक्क्या बसाव्यात म्हणून लेकीने आणि मी प्रत्येक सांध्यात भरपूर गोंद ओतला, वर रंगाचे तीन हात दिले. मग उत्साहाच्या भरात, किटवर दिलेल्या मोटरांपैकी सगळ्यात मोठी मोटर बसवली. ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या रिकाम्या शेतात गेलो. पाच, चार, तीन, दोन, एक! रॉकेट वीसेक फूट वर गेलं, हवेत कोलांटी उडी मारली आणि तिरकं येऊन गवतात घुसलं. पॅराशूट उघडलं ते जमिनीवर पडल्यानंतर. कोणाला लागलं नाही, पण लेक म्हणाली, “आई, तू म्हणाली होतीस ना सरळ जाईल म्हणून?” आणि तिने ते खोक्यात टाकून दिलं.

साताऱ्याहून आलेले माझे वडील शेजारीच उभे होते. ते तिला म्हणाले, “बाळा, दिवाळीत काठी मोडलेलं रॉकेट अस्संच जातं, शेजाऱ्याच्या गॅलरीत!”

बाबांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. हवेतलं रॉकेट वळतं ते आपल्या वजनाच्या मध्याभोवती, म्हणजे बोटावर आडवं ठेवल्यावर ते जिथे तोल धरतं त्या जागेभोवती. हवेचा दाबही एका ठिकाणी एकवटल्यासारखा काम करतो. दाबाची ही जागा तोलाच्या जागेच्या मागे असली, तर रॉकेट जरा तिरकं झालं की हवा शेपूट ढकलून त्याला पुन्हा सरळ करते. वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा असाच फिरतो. दिवाळीच्या रॉकेटमध्ये हे काम लांब काठी करते, आमच्या रॉकेटमध्ये सहा नळ्या. पण आम्ही शेपटाकडे गोंद, रंग आणि जड मोटर यांचं वजन वाढवलं. तोलाची जागा मागे सरकली आणि नळ्यांचा उपयोग संपला. या दोन जागांमध्ये निदान रॉकेटच्या जाडीएवढं अंतर हवं, असा नियम आहे.

उपाय सोपा निघाला. टोकाच्या पोकळीत दहा ग्रॅम खेळायची माती दाबून बसवली आणि छोटी मोटर घेतली, बी६-४. यातल्या अक्षरावरून एकूण जोर कळतो. ए पेक्षा बी साधारण दुप्पट, बी पेक्षा सी दुप्पट. सहा हा सरासरी रेटा न्यूटनमध्ये. चार म्हणजे इंधन संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकलं जाईपर्यंतचे सेकंद.

मग अंगणात परीक्षा घेतली. इग्नायटर न लावता मोटर आत बसवायची, पॅराशूट भरायचं, तोलाच्या जागी सात-आठ फूट दोरी बांधून टेपने चिकटवायची आणि रॉकेट डोक्यावर गोल फिरवायचं. टोक पुढे ठेवून फिरलं, तर ते सरळ उडेल. शेपूट पुढे आलं किंवा गटांगळ्या खाल्ल्या, तर टोकाला आणखी माती. आमचं दुसऱ्या फेरीतच टोक पुढे करून फिरायला लागलं. लेकीने खोकं पुन्हा उघडलं ते तेव्हा.

आता थोडं सावधगिरीचं. १९५४ मध्ये नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात चपलांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी मॉडेल रॉकेट बनवलं. त्या काळात मुलं घरी दारू कालवून रॉकेट करत आणि जखमी होत. तयार, बंद मोटर हे त्यावरचं उत्तर होतं. म्हणून मोटर कधी उघडायची नाही, घरी भरायची नाही. पॅराशूट जळू नये म्हणून त्याच्याखाली न पेटणारा कागद घालायचा. बटण दाबताना निदान १५ फूट लांब उभं राहायचं. पेटलं नाही तर आधी सुरक्षा किल्ली काढायची आणि पूर्ण एक मिनिट जवळ जायचं नाही. वारा ताशी २० मैलांच्या वर असेल तर घरी परत. गवत वाळलेलं असेल तरी परत. आणि आपल्या गावचे नियम अग्निशमन दलाला आधी विचारून घ्यायचे.

दुसऱ्या खेपेला आकडे लेकीने मोजले आणि बटणही तिनेच दाबलं. रॉकेट सरळ गेलं. नळ्यांना हवा जास्त अडते, त्यामुळे फार उंच नाही गेलं, पण त्यामुळेच शेवटपर्यंत डोळ्यांना दिसत राहिलं. केशरी पॅराशूट उघडलं तेव्हा सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या बाबांनी.

मंडळी, रॉकेट सरळ जाणार की नाही हे मैदानावर नाही, घरच्या टेबलावर ठरतं. तेव्हा गोंद बेताने लावा, तोल तपासा आणि मगच आकडे मोजा. पुढच्या रविवारी भेटू या. नमस्कार.