क्रॉसकंट्रीकडून धावपथाकडे : लांब पल्ल्याच्या धावपटूच्या संक्रमणाचा विचार

महाविद्यालयीन लांब पल्ल्याच्या धावपटूचे वर्ष दोन असमान भागांत विभागलेले असते. पावसाळा सरल्यावर माळरानावरील, चढ-उतारांच्या क्रॉसकंट्री शर्यतींचे दिवस येतात. त्यानंतर ४०० मीटर परिघाच्या धावपथावर ५,००० व १०,००० मीटरच्या शर्यती सुरू होतात. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही ठिकाणी धावणे एकच दिसते. वस्तुतः शरीरावर पडणारा ताण, वेगाचे नियोजन आणि यशाचे मोजमाप या तिन्ही बाबतींत हे दोन प्रकार भिन्न आहेत. एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याचे काही आठवडे अनेक विद्यार्थ्यांच्या क्रीडाजीवनाची दिशा ठरवितात; म्हणून या संक्रमणाचा पद्धतशीर विचार आवश्यक ठरतो.

या विचारासाठी नाशिक जिल्ह्याचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील सावरपाडा येथील कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत ३३ मिनिटे ५.२८ सेकंद या वेळेसह कांस्यपदक मिळविले. त्यानंतर सुमारे दीड महिन्यातच ग्वांगझू येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी तेच अंतर ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक पटकावले. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली नाशिकमध्ये जो धावपटूंचा गट घडला, त्यातूनच त्या पुढे आल्या. नाशिकच्याच संजीवनी जाधव यांनी २०१७ साली भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्यपदक मिळविले.

या यशाचे श्रेय पुष्कळदा नाशिकच्या उंचीला दिले जाते. परंतु नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि विरळ हवेतील सरावाचे रक्तावरील परिणाम सामान्यतः २,००० मीटरच्या आसपास व त्याहून अधिक उंचीवरच ठळकपणे दिसू लागतात. अर्थात, कारण अन्यत्र शोधले पाहिजे. थंड हिवाळा, सहज उपलब्ध असलेले चढ-उताराचे कच्चे रस्ते, लहानपणापासून अंगवळणी पडलेली पायपीट आणि एका प्रशिक्षकाच्या हाताखाली सातत्याने चाललेला सामूहिक सराव, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी क्रॉसकंट्रीचा पाया घालतात. त्या पायावर धावपथाची इमारत उभारण्याचे काम मात्र चौथीचे आहे.

क्रॉसकंट्रीत मैदान सतत बदलते. चढावर मांड्या व नितंब यांचे स्नायू आकुंचन पावून शरीर वर रेटतात. उतारावर तेच मांडीचे स्नायू ताणले जात असताना शरीराचा वेग आवरतात. मऊ जमीन पावलाने दिलेला जोर बऱ्याच अंशी गिळून टाकते. एका मार्गावरील वेळेची दुसऱ्या मार्गावरील वेळेशी तुलना होऊ शकत नाही. म्हणून तेथे क्रमांकाला महत्त्व असते आणि सांघिक निकालही ठरावीक धावपटूंच्या क्रमांकांच्या बेरजेवर लागतो. धावपटू घड्याळापेक्षा आपल्या श्रमाच्या जाणिवेवर विसंबतो.

धावपथावर परिस्थिती उलट असते. पृष्ठभाग सपाट व लवचीक, पाऊल एकसारखे आणि वळण नेहमी डावीकडेच. प्रमाणित धावपथाच्या पहिल्या मार्गिकेत प्रत्येक फेरीतील सुमारे २३१ मीटर अंतर वळणांवर जाते. १०,००० मीटरच्या २५ फेऱ्यांत हे अंतर सुमारे ५,७८० मीटर होते. ग्वांगझू येथील राऊत यांचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ५.२३ मीटर, म्हणजे फेरीला सुमारे ७६.५ सेकंद, इतका पडतो. या वेगाने वळण घेताना शरीर आतल्या बाजूस सुमारे ४ अंशांनी झुकवावे लागते. कोन लहान खरा. पण हजारो पावलांत त्याची पुनरावृत्ती झाली की दोन्ही पायांवरील भार विषम होतो. नडगीचे दुखणे आणि हाडातील सूक्ष्म भंग यांचा धोका संक्रमणाच्या पहिल्या आठवड्यांत वाढतो, त्यामागे हेही एक कारण संभवते.

मार्गिकेची निवडही गणिताचाच भाग आहे. आतल्या मार्गापासून केवळ एक मीटर बाहेरून धावणारा स्पर्धक प्रत्येक फेरीत सुमारे ६.२८ मीटर अधिक धावतो. संपूर्ण शर्यतीत असे झाल्यास ते अंतर १५७ मीटर होते व वरील वेगाने त्यासाठी ३० सेकंद लागतात. ग्वांगझूच्या त्या शर्यतीत प्रीजा श्रीधरन यांचे सुवर्णपदक आणि राऊत यांचे रौप्यपदक यांत अवघे ०.९७ सेकंदाचे, म्हणजे सुमारे ५ मीटरांचे अंतर होते. रानात धावताना न शिकता येणारी ही काटकसर धावपथावर पदकाचा रंग ठरवू शकते.

मग संक्रमण कसे साधावे? न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या पद्धतीत दीर्घ अंतराचा पाया, त्यानंतर चढावरील सराव व शेवटी धावपथावरील वेगाचा सराव असा क्रम होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांचे शिष्य पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि मरे हॅल्बर्ग यांनी ५,००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. या क्रमाचे मर्म असे की, ५,००० व १०,००० मीटर शर्यतींत ऊर्जेचा बहुतांश पुरवठा प्राणवायूच्या साहाय्यानेच होतो. म्हणून क्रॉसकंट्रीने कमावलेली क्षमता टाकून न देता तिच्यावर वेगाची जोड द्यावयाची असते. आठवड्यातून एकदा धावपथावरील सराव, बाकीचे दिवस मातीवर. काट्यांचे बूट प्रारंभी थोड्याच अंतरासाठी. सावकाश धावण्याच्या काही फेऱ्या उलट दिशेने. आणि फेरीच्या ठरलेल्या वेळेचा अंदाज घड्याळाविना बांधण्याचा अभ्यास, असा आरंभ सुरक्षित ठरतो.

अविनाश साबळे यांचे उदाहरण याच दिशेने जाते. बीड जिल्ह्यातील हे सैनिक प्रथम क्रॉसकंट्रीत धावत. नंतर ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळून त्यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद या वेळेसह रौप्यपदक मिळविले. विषम जमिनीवर पाऊल सावरण्याची सवय अडथळ्यांच्या शर्यतीत वाया जात नाही, हे त्यावरून ध्यानी येते.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. धावपथाच्या सरावाला जोर येतो तेव्हाच ऊन वाढू लागते आणि परीक्षाही जवळ येतात. झोप व आहार यांत कपात होते. विशेषतः मुलींमध्ये अपुऱ्या आहारामुळे व लोहाच्या कमतरतेमुळे घटलेली शक्ती सरावातील आळस समजली जाते. त्यावर अधिक सरावाचा उपाय योजला की दुखापत ओढवते आणि डोंगरातून आलेला एक गुणी धावपटू कायमचा मैदानाबाहेर जातो. संक्रमणाचे शास्त्र म्हणूनच केवळ वेगाचे शास्त्र नव्हे. कोणता भार केव्हा वाढवावा याबरोबरच तो केव्हा वाढवू नये, हेही त्यात सामावलेले आहे.