किमान वेतन : राजीखुशीने कमी करता येत नाही



“मजूर आपणहून कमी पैशांत कामाला राजी झाला, मग मालकाचे चुकले कोठे?” हा सवाल गावोगावी ऐकू येतो. वरवर पाहता तो खरा वाटतो. पण कायद्याला हा हिशेब मान्य नाही. का, ते आपण पाहू.

किमान वेतनाचा कायदा आपल्या देशात १९४८ साली झाला. तो ठराविक धंद्यांच्या यादीपुरता होता. शेतीचे काम त्या यादीच्या दुसऱ्या भागात होते. पुढे १९५७ साली भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कशावर बेतावे, ते सांगितले. कमावत्या माणसामागे तीन खाणारी तोंडे धरावीत, प्रत्येकी २७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, शिवाय घरभाडे आणि सरपण-दिवाबत्ती. म्हणजे हा दर कोणाच्या मेहेरबानीवर नाही, पोटाच्या गरजेवर ठरतो.

आता गरज अशी की, उपाशी माणूस मिळेल त्या मजुरीला ‘हो’ म्हणतो. दिल्लीला १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. तेथील बांधकामावर मजुरांचा किमान दर रोजी ९ रुपये २५ पैसे होता. पण मुकादम त्यातून रुपया दलाली कापून घेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. न्यायालय म्हणाले की, भुकेने आणलेली राजीखुशी ही राजीखुशी नव्हे. किमान दरापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही वेठच होय, आणि संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठीला मनाई आहे.

१९४८ च्या कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. ती २०१९ साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. धंद्यांच्या यादीचे बंधन तिने काढले. तिच्यातल्या या गोष्टी गाठीला बांधून ठेवा :

हक्क सोडल्याचा कागद, मग त्यावर अंगठा असो की सही, त्या बाबतीत रद्दबातल आहे.

एकाच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त, असा भेद चालत नाही.

ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम घेतले, तर त्या वेळेचे पैसे निदान दुप्पट दराने.

मजूर कामावर हजर आहे, पण मालकानेच पुरेसे काम दिले नाही, तर एरवी पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी लागते.

रोजंदारी त्या दिवसाची पाळी संपताच मिळावी. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत.

कमी पैसे देणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बुडालेले पैसे मागण्याची मुदत जुन्या कायद्यात सहा महिन्यांची होती. आता ती तीन वर्षांची आहे. अर्ज मजुराला स्वतः करता येतो, नोंदलेल्या संघटनेमार्फतही करता येतो. बाकी रक्कम मिळतेच, शिवाय तिच्या दसपटीपर्यंत भरपाई देववता येते. आणि मजुरी पुरती दिली, हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर आहे.

समजा, दर ४०० रुपये आहे आणि हातात ३५० पडतात. पन्नास रुपये किरकोळ वाटतात. पण २६ दिवसांचे १,३०० झाले, वर्षाचे १५,६००! एवढ्यात पोराबाळांचे कपडेलत्ते आणि वह्या-पुस्तके होऊन वर काही उरेल.

गुरुजनांनाही एक विनंती. दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात कळतो. तो माहीत करून घेऊन फळ्यावर लिहा. कामाची तारीख, तास आणि मिळालेले पैसे वहीत मांडण्याचे गणित मुलांना घाला. घरोघरी अशी वही राहिली, तर अर्ज करण्याची वेळ आल्यावर मजूर रिकाम्या हाताने उभा राहणार नाही. आणि जो मालक पुरते पैसे देतो, त्याला त्या वहीचे भय बाळगण्याचे कारणच नाही.