बांगडा आणि रोहू : ‘चांगला मासा’ म्हणजे काय?

मागच्या वेळी आपण ‘चांगलं’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज तो शब्द मासळीबाजारात नेऊन बघू. कोकणातला माणूस रोहूला म्हणतो, “चव नाही, नुसते काटे.” भंडाऱ्याचा माणूस बांगड्याच्या वासानं नाक मुरडतो. आपलाच मासा चांगला, असं दोघांचंही म्हणणं. मग खरं कोणाचं?

आधी दोघांचं पाणी बघू. समुद्राचं पाणी बांगड्याच्या रक्तापेक्षा खारट. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं. म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकतो. रोहूचं नेमकं उलटं. गोडं पाणी आपोआप त्याच्या अंगात शिरतं, आणि पातळ लघवीवाटे तो ते काढत राहतो.

चवीतला बराचसा फरक इथूनच येतो, बरं का. खारटपणाशी तोल राखायला समुद्रातले मासे पेशींमध्ये काही द्रव्यं साठवतात. त्यांतली काही जिभेला रुचकर लागतात. एका द्रव्याचं मासा मेल्यावर जिवाणू विघटन करतात आणि तो ओळखीचा वास सुटतो. रोहूला मातकट वास येतो तो तळ्यातल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या द्रव्याचा. म्हणजे आपण ज्याला माशाचा गुण किंवा दोष म्हणतो, तो पुष्कळदा त्याच्या पाण्याचा असतो.

तेव्हा ‘हा मासा चांगला’ हे वाक्य अर्धवट आहे. कशासाठी, ते सांगायचं राहिलं. तिरफळं घालून तिखलं करायचं तर तेलकट बांगडा हवा, तोही ताजा, कारण तो लवकर खराब होतो. समुद्रापासून लांब, तळ्याकाठच्या गावात ताजा मासा हवा तर रोहू.

पण तुलना इथंच थांबवली तर महत्त्वाची गोष्ट निसटते. रोहू मूळचा गंगेच्या बाजूच्या नद्यांतला. साठलेल्या तळ्यात तो वाढतो, पण सहसा अंडी घालत नाही. त्याला पावसाळी वाहतं पाणी लागतं. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी माशांच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून आपल्याकडच्या कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. तेव्हापासून तळ्यातल्या रोहूची पुढची पिढी आणणं हे माणसाचं काम झालं. बीज आपण तयार करायचं, आपणच सोडायचं. भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी तलावांवर जगणाऱ्या ढिवर समाजाचं पोट आज बऱ्याच अंशी या बीजावर आहे.

बांगड्याचं बीज आपण सोडत नाही. त्याची पिढी तोच वाढवतो. तिथं आपलं काम एकच, त्याला तेवढी सवड देणं. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते ती त्यासाठीच. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या न काढण्याच्या जुन्या रिवाजातूनही हेच साधत होतं.

म्हणून आमचं म्हणणं असं, की दोन मासे आपल्यावर दोन वेगळी कर्तव्यं टाकतात. रोहूच्या बाबतीत करायचं, बांगड्याच्या बाबतीत थांबायचं. बाजारात रोहू घेताना विचारा, कुठल्या तळ्यातला? आणि बोटाएवढे बांगडे दिसले तर, कितीही स्वस्त असोत, घेऊ नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.