आखाडा, रिंग आणि पडदा

कुस्ती, फ्रीस्टाइल आणि सिनेमा या तिन्हींवर हिरिरीने मत देणारा मराठी प्रेक्षक बहुधा एकच असतो. जत्रेत दुपारी मैदानाच्या कडेला बसून जोडीला दाद देणारा माणूस रात्री त्याच जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहत असे. पुढे केबल आली आणि त्याच्याच घरातली पोरे अंडरटेकर मोठा की हल्क होगन यावर भांडू लागली. या तिन्ही ठिकाणच्या मतांमागे एक समान सवय दिसते. हा प्रेक्षक चेहऱ्याआधी शरीर पाहतो, आणि ते किती राबले आहे यावर माणसाची किंमत ठरवतो.

या सवयीचे मूळ तालमीत आहे. मातीतल्या कुस्तीत पूर्वी गुण मोजत नसत. पाठ मातीला टेकली, अस्मान दिसले की निकाल लागला. मोजण्यासारखे काही नसल्यामुळे मैदानातला प्रत्येक जण स्वतःच पंच असे. कोण खडाखडीतच वेळ काढतो, कुणाचा दम चौथ्या मिनिटाला सुटला, कुणी पट काढताना हात राखून ठेवला, हे त्याला दिसायचे. मोठ्या इनामाची जोड बरोबरीत सुटली तर ‘नुरा कुस्ती’, म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती, म्हणून हुर्यो उडे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात घडलेला हा जाणकार प्रेक्षक गावोगावच्या जत्रांतून मराठवाड्यातही होता. महाराष्ट्र केसरीचा पहिला किताब १९६१ मध्ये औरंगाबादलाच, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दिला गेला आणि तो दिनकर दह्यारी यांनी मिळवला.

गुणांचे नियम आल्यावर या प्रेक्षकाचा अधिकार गेला. मत मात्र गेले नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची लढत झाली. टांग डावावर गायकवाडला चार गुण मिळाले आणि राज्यभर वाद पेटला. सिकंदरची पाठ खरोखर धोक्याच्या स्थितीत गेली होती का, हे लोक मोबाइलवर चित्रफीत थांबवून थांबवून पाहत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने अंतिम लढत काही सेकंदांत संपवून किताब घेतला आणि त्याच्या चाहत्यांना आपलाच जुना निकाल खरा ठरल्यासारखे वाटले. तर्काला हे धरून नाही, पण चाहत्याचा न्याय असाच चालतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चीतपट ठरवल्यावर शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. तेव्हाही खांदे टेकले की नाही यावर जितकी चर्चा झाली, तितकीच तालमीच्या रीतिभातीवर झाली. वस्तादाच्या पाया पडून आखाड्यात उतरणाऱ्याने पंचावर पाय उचलावा, हे राक्षेची बाजू घेणाऱ्यांनाही पचले नाही.

फ्रीस्टाइलबाबत हाच प्रेक्षक आश्चर्य वाटावे इतका सैल आहे. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग या मल्लांच्या लढतींना तुफान गर्दी होत असे. १९६८ मध्ये दारासिंगने मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरवले. या लढतींचे निकाल आधीच ठरलेले असतात अशी कुजबुज तेव्हाही होती. तरीही जो माणूस नुरा कुस्तीवर हुर्यो उडवायचा, तोच इथे तिकीट काढून बसे. त्याच्या लेखी दारासिंगचे शरीर खोटे नव्हते. दोनशे किलोंच्या घरातला किंग काँग डोक्यावर उचलायचा तर निकाल ठरलेला असून भागत नाही. व्यावसायिक रेसलिंग हा करमणुकीचा खेळ आहे, ही कबुली त्या धंद्यातल्या व्हिन्स मॅकमहनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीने अमेरिकेत १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या कायदेमंडळासमोर दिली. नव्वदीत डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळणाऱ्या इकडच्या पोरांना याची खबर नव्हती; असती तरी उंची, वजन आणि छातीचे आकडे बदलले नसते. १९९६ च्या ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये अक्षयकुमारने अंडरटेकरला उचलून आपटले, तो अंडरटेकर खरा नसून ब्रायन ली नावाचा दुसरा मल्ल होता. हे कळल्यावर पुष्कळांना फसवल्यासारखे वाटले. ठरवून केलेली मारामारी चालते, पण शरीर ज्याचे त्याचेच हवे.

दारासिंगमुळे आखाडा आणि पडदा एक झाले. ‘किंग काँग’ (१९६२) आणि ‘फौलाद’ (१९६३) या चित्रपटांतला त्याचा अभिनय समीक्षकांनी कधी मनावर घेतला नाही. त्याचे संवाद ठोकळेबाज होते, उच्चार पंजाबी होते. पण १९८७ मध्ये दूरदर्शनच्या ‘रामायण’मध्ये तो हनुमान झाला आणि प्रश्नच मिटला. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून हजारो माणसे दौलताबादच्या किल्ल्याखालून चालत खुलताबादच्या भद्रा मारुतीला जातात. तिथली मूर्ती निद्रिस्त आहे. तालमीचे दैवतही मारुतीच. अशा मुलखात मारुतीचे काम पैलवानाने करावे, हे लोकांना निवड न वाटता रीत वाटली. इथे अभिनयाच्या चर्चेला जागाच उरत नव्हती.

मराठी ऐतिहासिक पटातही हेच चालत आले. भालजी पेंढारकरांनी ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) मध्ये चंद्रकांत मांढरे यांना उभे केले, आणि पुढे कितीतरी वर्षे घोड्यावरची बैठक, आवाजाचा भरणा आणि छाती या गोष्टींवर नट मोजला गेला. हिंदीतही आमीर खानने ‘दंगल’ (२०१६) साठी वजन वाढवून पुन्हा उतरवले, तेव्हा कौतुक आधी त्या वजनाचे झाले. ‘दंगल’मधल्या मुलींच्या कुस्त्या खऱ्या वाटतात, ‘सुलतान’मधल्या वाटत नाहीत, असे तालमीतली माणसे म्हणत. यातला अर्धा भाग जाणकारीचा आणि अर्धा आवडीनिवडीचा आहे. याच्या उलट टोकाला निळू फुले. त्यांचे बळ शरीरात नव्हते, नजरेत आणि तिरकस शब्दफेकीत होते. बायाबापड्या त्यांना खरोखरचा खलनायक समजून शिव्या देत, आणि ती दादच होती. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या ‘सैराट’ने शंभर कोटींच्या आसपास धंदा केला. बुलेट आणि ट्रॅक्टर स्वतः चालवणाऱ्या रिंकू राजगुरूला जी पसंती मिळाली, तीत जुना निकष नव्या रूपात दिसतो.

मोठ्या बजेटच्या चित्रपटाबद्दलचे मत मराठवाड्यात सर्वांत तीव्र झाले ते फेब्रुवारी २०२५ मध्ये. लक्ष्मण उतेकरांचा, संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ १४ तारखेला आला आणि जगभरातून आठशे कोटींच्या घरात कमाई करून गेला. चित्रपटगृहांत घोषणा होत, शेवटी पोरे ढसाढसा रडत. त्याआधीच झलकेतल्या लेझीमनृत्यावर आक्षेप आला होता आणि तो भाग काढून टाकला गेला. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाला हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने माफी मागितली. विकी कौशलच्या कामावर बोलताना बहुतेक जण त्याच्या कमावलेल्या शरीरावर आणि शेवटच्या छळाच्या प्रसंगात त्याने सोसलेल्या कष्टांवर बोलत होते. औरंगजेबाचे काम करणारा अक्षय खन्ना मात्र फारसा हलतही नाही. वाकलेले खांदे आणि दबका आवाज एवढ्यावर त्याने भूमिका पेलली, आणि चित्रपट न आवडलेल्यांनीही त्याला गुण दिले. अभिनयाचा विचार केला तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

दौलताबादहून घाट चढून गेले की खुलताबादला औरंगजेबाची साधी, उघड्यावरची कबर आहे. चित्रपटानंतर ती हटवण्याची मागणी जोर धरू लागली, १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला, आणि पुरातत्त्व खात्याने कबरीभोवती पत्रे आणि तारेचे कुंपण घातले. लोकभावना भडकण्यात ‘छावा’चा वाटा आहे, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. पडद्यावरच्या औरंगजेबाला मिळालेली दाद आणि कबरीवरचा राग यांत बरेच प्रेक्षक फरक करत होते. काही करत नव्हते, आणि आवाज त्यांचा मोठा होता. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा तानाशहा याला औरंगजेबाने ज्या चिनी महालात कैदेत ठेवले, तो दौलताबादच्या किल्ल्यातच आहे. त्या कैदेवर अजून कुणी मोठा चित्रपट काढलेला नाही, आणि तिथे कुठला वादही नाही.