१९५८ सालीच बंद पडलेल्या पॅकार्डचे १९७५ मधले फोटो येतात कुठून?

फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर जुन्या गाड्यांची पानं बघत असाल, तर असा फोटो तुमच्याही समोर आला असेल. लांबलचक काळी गाडी, पुढे उभी जाळी, चाकाच्या मधोमध लाल षटकोन आणि खाली ओळ: '१९७५ पॅकार्ड'. खाली शेकडो लोक लिहितात, 'काय गाड्या बनवायचे तेव्हा!'

मात्र अशी गाडी कधी तयारच झाली नाही. पॅकार्ड कंपनीची शेवटची गाडी १९५८ मध्ये बाहेर पडली. तो फोटो म्हणजे कोणीतरी केलेली कल्पना असते. तिला पर्यायी इतिहास म्हणतात.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत पानिपतची लढाई मराठे जिंकतात आणि त्यानंतरचा हिंदुस्थान वेगळाच घडतो. इतिहासातली एकच गोष्ट बदलायची आणि पुढचं सगळं तर्काने लावत जायचं, असा हा खेळ. अमेरिकेतले गाडीवेडे हाच खेळ पॅकार्ड, ड्यूसेनबर्ग, पिअर्स-ॲरो, स्टट्झ अशा बंद पडलेल्या कंपन्यांवर खेळतात.

पॅकार्डच का?

कारण ती थोडक्यात वाचली असती, असं मानायला खरोखर जागा आहे.

१८९९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी पहिल्या महायुद्धापासून मंदीपर्यंत अमेरिकेतल्या श्रीमंतांची पहिली पसंती होती. कॅडिलॅक तेव्हा तिच्या मागे होती. १९१५ मध्ये तिने बारा सिलिंडरचं इंजिन बाजारात आणलं. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉईसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन परवान्याखाली बनवलं, तेही ५५ हजारांहून जास्त. मंदीच्या काळात तग धरण्यासाठी १९३५ मध्ये तिने '१२०' ही तुलनेने स्वस्त गाडी काढली. कंपनी तरली, पण 'पॅकार्ड म्हणजे फक्त बड्यांची गाडी' हा दबदबा तिथूनच ओसरायला लागला, असं अनेक अभ्यासक मानतात.

१९५० नंतर जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलर या तिघांपुढे छोट्या कंपन्यांना श्वास घेणं कठीण झालं. नॅश कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या डोक्यात एक योजना होती: नॅश, हडसन, पॅकार्ड आणि स्टुडबेकर या चौघांनी एक व्हायचं आणि चौथी मोठी कंपनी उभी करायची. १९५४ च्या मे महिन्यात नॅश आणि हडसन एकत्र येऊन अमेरिकन मोटर्स तयार झाली. १ ऑक्टोबरला पॅकार्डने स्टुडबेकर घेतली. दोन जोड्या जमल्या, त्यांची एक मोठ बांधायची तेवढी राहिली होती.

८ ऑक्टोबर १९५४ रोजी मेसन वारले.

त्यांच्या जागी आलेल्या जॉर्ज रॉम्नी यांना या विलीनीकरणात रस नव्हता. पॅकार्डचे प्रमुख जेम्स नॅन्स यांच्याशी त्यांचं जमलंही नाही. त्यातच स्टुडबेकरचे हिशेब नीट न तपासता ती घेतल्याचं पॅकार्डच्या लक्षात आलं. किती गाड्या विकल्या म्हणजे तोटा होणार नाही, याचा जो आकडा गृहीत धरला होता, खरा आकडा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला. लग्नानंतर नवऱ्याच्या कर्जाची वही सापडावी, तसं झालं.

म्हणून बहुतेक कल्पक मंडळी आपला फाटा इथेच फोडतात: मेसन १९५४ मध्ये वारले नसते तर?

दुसरा फाटा: कर्ज मिळालं असतं तर

हा फाटा जास्त पटण्यासारखा आहे, कारण त्या वेळची पुढची गाडी कागदावर नव्हे, लोखंडात तयार होती.

१९५६ च्या जानेवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पॅकार्डने 'प्रेडिक्टर' नावाची नमुना गाडी मांडली. इटलीत ट्यूरिनला घिया या कारखान्यात तिची बॉडी हाताने घडवली होती. दार उघडलं की वरच्या छताचा तुकडा सरकायचा, सीट बाहेरच्या बाजूला वळायची, हेडलाइट लपलेले असायचे आणि मागची काच उलटी, म्हणजे आतल्या बाजूला कललेली होती. १९५७ च्या पॅकार्ड गाड्या याच वळणावर बेतायच्या होत्या. चाचणीसाठी त्यातली एक ओबडधोबड गाडी उभीही केली होती. तिला कामगार 'ब्लॅक बेस' म्हणत.

शिवाय पॅकार्डकडे १९५५ पासून 'टॉर्शन-लेव्हल' नावाचं सस्पेन्शन होतं. प्रत्येक बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकाला एकच लांब, पीळ घेणारी दांडी जोडलेली असायची. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की त्याचा हिसका मागे वाटला जायचा. मागे सामान किंवा माणसं वाढली की विजेची मोटर गाडी पुन्हा सपाट करायची. कॅडिलॅकने १९५७ मध्ये आपल्या एका महागड्या मॉडेलला हवेवर चालणारं सस्पेन्शन दिलं, पण त्याने इतका त्रास दिला की अनेक मालकांनी ते काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. तेव्हा १९५७-५८ मध्ये आरामाच्या बाबतीत पॅकार्ड सरस ठरली असती, ही कल्पना हवेतली नाही.

पण विमा कंपन्यांनी नव्या मॉडेलसाठी कर्ज द्यायला नकार दिला. लिंकनच्या बॉडीवर पॅकार्ड बनवू द्या, ही विनंती फोर्डने मान्य केली नाही. डेट्रॉईटमधलं उत्पादन १९५६ मध्ये थांबलं आणि ब्लॅक बेस गॅस कटरने कापून टाकली गेली. पुढची दोन वर्षं स्टुडबेकरच्याच गाडीला पॅकार्डचा साज चढवून विकली गेली. लोक तिला 'पॅकार्डबेकर' म्हणून हिणवत. १९५८ ची 'पॅकार्ड हॉक' फक्त ५८८ बनली.

कल्पना चांगली कधी ठरते?

आता पुन्हा त्या १९७५ च्या फोटोकडे येऊ. गाडी देखणी आहे की नाही याला या खेळात फारसे गुण नसतात. त्या वर्षी अमेरिकेत ती रस्त्यावर येऊ शकली असती का, हे महत्त्वाचं.

१९७३ पासून तिथे ताशी ५ मैल वेगाची धडक सोसेल असा पुढचा बंपर सक्तीचा झाला, पुढच्या वर्षी मागचाही. त्यामुळे त्या काळातल्या गाड्यांचे बंपर फळीसारखे बाहेर आलेले दिसतात. हेडलाइटही ठरावीक मापाचे बंद काचेचेच लावावे लागत, १९८० च्या दशकापर्यंत. १९७५ च्या सुमाराला गोल दिव्यांबरोबर चौकोनी दिव्यांना परवानगी मिळाली. म्हणजे बारीक रेघेसारखे दिवे आणि गाडीच्या अंगात मुरलेला बंपर दाखवणारी '१९७५ पॅकार्ड' पहिल्याच परीक्षेत नापास. एआयने केलेली बहुतेक चित्रं इथेच पकडली जातात.

इंजिनाचंही तसंच. प्रदूषणाचे नियम आणि १९७३ चं तेलसंकट पॅकार्डला चुकलं नसतं. १९७० मध्ये कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन ४०० हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं जायचं, पाच वर्षांनी त्याच इंजिनाचा आकडा १९० वर आला. यातली काही घट मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे दिसते, पण सगळी नाही. काल्पनिक पॅकार्डला ५०० हॉर्सपॉवर देणाऱ्याने याचं उत्तर द्यायला हवं.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र मेसनवाल्या फाट्यापुढे आहे. खऱ्या इतिहासात अमेरिकन मोटर्स वाचली ती छोट्या, काटकसरी रॅम्बलर गाड्यांवर. आणि त्यासाठी तिने नॅश आणि हडसन ही दोन्ही जुनी नावं १९५७ मध्ये संपवली. मग चौघांच्या एकत्र कुटुंबात पॅकार्डचं नाव टिकलं असतं हे कशावरून? मेसन जगले असते तरी पॅकार्ड कदाचित सजवलेली रॅम्बलरच झाली असती. चाहत्यांना हे ऐकायला आवडत नाही.

आणखी एक गोष्ट या चित्रांमध्ये कधीच दिसत नाही, ती म्हणजे माणसं. १९६३ च्या डिसेंबरमध्ये स्टुडबेकरने साऊथ बेंडचा कारखाना बंद केला. साठीच्या आतल्या, पण अनेक वर्षं नोकरी झालेल्या सुमारे ४ हजार कामगारांना हक्काच्या पेन्शनपैकी जेमतेम १५ टक्के रक्कम मिळाली. अनेकांना काहीच नाही. या प्रकरणाचा दाखला देत मागणी वाढत गेली आणि १९७४ मध्ये अमेरिकेत खासगी नोकरदारांच्या पेन्शनला संरक्षण देणारा कायदा झाला. स्टुडबेकर-पॅकार्ड तगली असती, तर हा कायदा कधी आला असता? पर्यायी इतिहास गंभीरपणे खेळायचा तर जाळीच्या आकाराइतकाच हा प्रश्नही त्यात येतो.

काही कल्पना रस्त्यावर उतरल्या

१९६३ च्या डिसेंबरच्या 'एस्क्वायर' मासिकात क्रायसलरचे माजी मुख्य डिझायनर व्हर्जिल एक्सनर यांनी मेलेल्या कंपन्यांच्या 'आज असत्या तर' अशा गाड्यांची चित्रं छापली. पॅकार्ड, स्टट्झ, मर्सर, ड्यूसेनबर्ग. यातल्या ड्यूसेनबर्गची एक गाडी १९६६ मध्ये खरंच बनली, पण पुढे सरकली नाही. (मूळ ड्यूसेनबर्ग १९३७ मध्येच बुडाली होती. तिच्या सर्वात गाजलेल्या गाड्यांपैकी एक इंदूरच्या यशवंतराव होळकरांची, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी चढवलेली.) स्टट्झला मात्र गिऱ्हाईक मिळालं. पाँटियाकच्या सांगाड्यावर इटलीत बॉडी चढवून 'स्टट्झ ब्लॅकहॉक' विकली गेली आणि सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत एल्विस प्रेस्ली होता.

पॅकार्डचा पर्यायी इतिहास घडला तो अमेरिकेबाहेर. सोव्हिएत रशियाने युद्ध संपताना काढलेली झिस-११० ही सरकारी लिमोझिन पॅकार्डच्या युद्धापूर्वीच्या मॉडेलसारखी हुबेहूब दिसते. अमेरिकेने साचेच विकले अशी दंतकथा आहे, पण दोन्ही बॉडींची मापं जुळत नसल्याने अभ्यासक ती मानत नाहीत. नक्कल मात्र उघड आहे. भांडवलदारांची ही गाडी मॉस्कोत कम्युनिस्ट पुढाऱ्यांना घेऊन फिरत राहिली आणि तिचं उत्पादन थांबलं १९५८ मध्ये, खऱ्या पॅकार्डबरोबर एकाच वर्षी.

प्रेडिक्टर अजून शाबूत आहे. ती साऊथ बेंडच्या संग्रहालयात ठेवली आहे, स्टुडबेकरच्या.