स्वतःची सत्यप्रत

बारा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत जून महिना उजाडला की आमच्या शाळेच्या कचेरीबाहेर माजी विद्यार्थ्यांची रांग लागत असे. कुणाच्या हातात गुणपत्रिकेच्या नकला, कुणाच्या हातात जातीचा दाखला, कुणाच्या हातात चारित्र्याचे प्रमाणपत्र. मी त्या वेळी साधा शिक्षक होतो. सही मुख्याध्यापकांची आणि शिक्का मारण्याचे काम माझे. कागदावर तो जांभळा शिक्का बसला आणि त्याखाली हिरव्या शाईची सही उमटली की त्या मुलाचे खरेपण सिद्ध होई. पुढे २०१४ साली केंद्र सरकारने स्वयंसाक्षांकनाचा पुरस्कार केला आणि हळूहळू इतरांनीही तीच वाट धरली. उमेदवाराने आपल्या नकलेवर आपणच सही करावी व मूळ कागद निवडीच्या वेळी दाखवावा, असा आता रिवाज आहे. रांग ओसरली. त्या रांगेच्या निमित्ताने जुनी मुले भेटत, तेवढे मात्र चुकल्यासारखे वाटते.

मुले आपल्या कागदावर सही करायला शिकली खरी. पण स्वतःविषयी साक्ष देणे त्यांना अद्याप साधलेले नाही. निदान माळव्यातील आपल्या मराठी घरांतल्या मुलांना ते फार जड जाते, असे माझ्या पाहण्यात आहे.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी घरी आली. आता ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालयात एका कंपनीचे लोक मुलाखती घेण्यास आले होते, त्यात ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली होती. तिने बायोडाटा माझ्यापुढे ठेवला. अगदी वर 'ध्येय' या शीर्षकाखाली एक लांबलचक इंग्रजी वाक्य होते. आव्हानात्मक वातावरणात आपल्या क्षमतांचा संस्थेच्या उत्कर्षासाठी विनियोग करण्याची इच्छा, असा त्याचा आशय. हेच वाक्य गेल्या दहा वर्षांत मी किमान पन्नास मुलांच्या कागदावर वाचले असेल. त्याचा कर्ता कोण, देव जाणे! खाली गुण, छंदांत 'वाचन, संगीत', आणि अनुभवाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

"अनुभव काहीच नाही?" मी विचारले.

"नाही सर. अजून शिकतेच आहे ना."

"कॉलेज तर सकाळचे. दुपारी काय करतेस?"

"काही नाही. बाबांच्या दुकानात असते."

"तिथे काय करतेस?"

"काही नाही, हिशोब बघते."

तिच्या वडिलांचे सियागंजात किराण्याचे घाऊक दुकान आहे. एकेक प्रश्न विचारीत गेलो तेव्हा त्या दोन 'काही नाहीं'मागे काय दडले होते ते बाहेर आले. दोन वर्षांपासून दुकानाची सर्व खतावणी ती संगणकावर लिहिते. दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत विक्रीचे विवरणपत्र आणि २० तारखेच्या आत कराचे विवरणपत्र भरण्याची तयारी तीच करते. वकील केवळ नजर फिरवतात. एकदा खरेदीवर भरलेल्या कराची वजावट अपेक्षेपेक्षा बरीच कमी दिसली. तिने तीन महिन्यांची बिले एकेक करून ताडून पाहिली, आणि एका पुरवठादाराने आपली बिले सरकारदरबारी चढवलीच नाहीत हे शोधून काढले. वडील त्या व्यापाऱ्याशी जुन्या ओळखीमुळे बोलायला संकोचत होते, तेव्हा फोनही हिनेच केला. अडकलेली रक्कम पुढील महिन्यात सुटली.

"हे मुलाखतीत सांगितलेस?"

"घरचे काम काय सांगायचे सर? स्वतःच स्वतःचे कौतुक केल्यासारखे होईल."

तिच्या या उत्तराने मी गप्प झालो. कारण हे उत्तर आमच्याच घरांतून तिला मिळालेले आहे. आत्मस्तुती हा दोष आहे, हे आपण मुलांना शुभंकरोतीबरोबर शिकवतो. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी मूर्खांची लक्षणे सांगितली आहेत, त्यांत स्वतःची स्तुती स्वतः करणाऱ्याची गणना आहेच. पण ती ओवी तेवढ्यावर थांबत नाही. आपल्याच मुलखात हालअपेष्टा सोशीत बसणाराही समर्थांनी तिथेच मूर्ख ठरवला आहे, आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणाराही. यांतले पहिले लक्षण आपण पाठ केले. दुसऱ्यातून आपल्या पूर्वजांनीच आपल्याला सोडवले. मुलूख सोडून ते होळकर-शिंद्यांच्या नाहीतर पवारांच्या आश्रयाला आले म्हणून तर आपण येथे आहोत. तिसऱ्याचे मात्र काय? 'आमचे खापरपणजोबा दरबारात फडणीस होते' हे वाक्य इंदुरात एखाद्या लग्नाच्या पंगतीत ऐकू आले नाही, तर जेवण अळणी लागावे! पूर्वजांविषयी एवढे मोकळेपणाने बोलणारी आपली जीभ स्वतःच्या कामाविषयी नेमकी अडखळते, याची मला गंमतही वाटते आणि खंतही.

हे दुसऱ्यांना सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, कोण जाणे. १९९५ च्या सुमारास मी एका महाविद्यालयात मराठीच्या व्याख्यातापदासाठी मुलाखतीला गेलो होतो. त्यापूर्वी सलग दोन वर्षे दर रविवारी एका जुन्या ग्रंथालयातील मराठी पुस्तकांची सूची मी करीत असे. धूळ झाडायची, पहिले पान शोधायचे, छापखाना आणि साल टिपायचे. शिवाय मोडी वाचायला शिकलो होतो. समितीतील एका वयस्क गृहस्थांनी विचारले, "अभ्यासाव्यतिरिक्त काही केलेत का?" मी म्हणालो, "विशेष काही नाही." जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्या विभागाकडे जुन्या पुस्तकांचे आणि कागदांचे ढीग पडून होते आणि ते लावून घेणारा माणूस त्यांना हवा होता, हे मला वर्षभराने कळले. दोष त्यांचा नव्हता. न सांगितलेले त्यांना कसे कळावे? मी सरकारी शाळेत आलो. मराठीत एम.ए. होऊन आयुष्यभर हिंदी शिकवली. त्याचे दुःख करीत बसावे असे आयुष्य गेले नाही. पण त्या उत्तरात विनय किती होता आणि भीती किती होती, याचा हिशोब मी अजून मांडतो आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हल्ली स्वतःची जाहिरात करण्याच्या कलेला उधाण आले आहे. लिंक्डइनवर पाहावे तो प्रत्येक विद्यार्थी 'नेतृत्व' करीत असतो. तीन तासांचा वर्ग केला की प्रमाणपत्र, नुसते व्याख्यान ऐकले तरी प्रमाणपत्र. एका मुलाने मला अशी सत्तावीस प्रमाणपत्रे दाखवली. मधले एक काढून मी त्याला त्या विषयातली अगदी साधी गोष्ट विचारली, तर तो हसू लागला. प्रकल्प विकत मिळतात, हेही उघड गुपित आहे. अशा मुलांचे पितळ मुलाखतीतील पहिल्या प्रश्नाला नव्हे, दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडते. 'काय केले?' याचे उत्तर पाठ करता येते. 'ते करताना कुठे अडलात?' याचे उत्तर केवळ केलेल्यालाच देता येते. माझ्या त्या विद्यार्थिनीजवळ नेमके हेच उत्तर होते, आणि तेच तिने घरी ठेवून दिले होते.

स्वतःविषयी कसे लिहावे याचा वस्तुपाठ पाहायचा असेल, तर श्रीनिवास रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजच्या हार्डी यांना लिहिलेले पत्र आठवावे. आपण मद्रासच्या बंदर विश्वस्त कचेरीत कारकून आहोत, पगार वर्षाला अवघा वीस पौंड, विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, हे सारे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. मग आपण गणितात काय करीत आहोत ते सांगितले, आणि सोबत प्रमेयांनी भरलेली पाने जोडली. स्वतःला थोर म्हटले नाही, पण कामही लपवले नाही. त्यापूर्वी इंग्लंडमधल्या इतर गणितज्ञांकडे पाठवलेली पत्रे निष्फळ ठरली होती, तरी त्यांनी आणखी एक लिहिलेच. आपल्या मुलांपैकी कुणी रामानुजन नसेल. पण आधी खरी परिस्थिती, मग केलेले काम आणि सोबत पुरावा, हा क्रम बी.कॉम.च्या मुलीलाही तितकाच उपयोगी आहे.

पुरावा जोडायचा तर आधी काम हवे, आणि ते मिळवण्याच्या वाटा आमच्या वेळेपेक्षा आज कितीतरी अधिक आहेत. १९६१ चा उमेदवारी कायदा आरंभी कारागिरांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने तो अभियांत्रिकीच्या पदवीधरांपर्यंत व पदविकाधारकांपर्यंत आला, आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. मध्य प्रदेशात २०२१ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमातच इंटर्नशिप, प्रकल्प वा क्षेत्रकार्य आले. राज्य शासनाने २०२३ साली 'सीखो कमाओ' योजना काढली. तीत पदवीधरासाठी दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरवले होते. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातील ५०० मोठ्या कंपन्यांत इंटर्नशिप देण्याची योजना घोषित झाली. अशा योजनांचे नियम बदलत असतात, म्हणून ते शेजाऱ्याकडून न ऐकता शासनाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावेत. आणि काम देण्यासाठी आधी पैसे मागणारा कुणीही भेटला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा. आमची मुले यांतल्या इंटर्नशिपकडे पाहतात ती मात्र शिक्क्याच्या नजरेने. ओळखीच्या दुकानदाराकडून कागदावर शिक्का आणला की झाले! मी एके काळी शिक्के मारलेला माणूस. त्या शिक्क्याची किंमत मला ठाऊक आहे.

योजनेत नाव लागले नाही तरी पत्र लिहिता येतेच. ज्या कचेरीत शिकण्यासारखे आहे, तिथल्या प्रमुखाला दहा-बारा ओळी लिहाव्यात: मी कोण, मी काय केले आहे, मला काय शिकायचे आहे, कोणत्या वेळी येऊ शकेन. एकदम नोकरी मागू नये, पंधरा मिनिटांची भेट मागावी. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, आणि पुन्हा नाही आले तर मनाला लावून घेऊ नये. ओळख सांगून चिठ्ठी नेण्यापेक्षा हे अवघड आहे खरे. शिफारसपत्र हवे असेल तर ज्याने काम प्रत्यक्ष पाहिले आहे त्याच्याकडून घ्यावे. मी स्वतः शेकडो मुलांना 'सुशील, होतकरू व परिश्रमी' असे लिहून दिले आहे. त्या तीन विशेषणांनी एकाचेही काम झाले असेल, असे मला वाटत नाही.

एका गोष्टीचा उल्लेख आपल्या मुलांच्या बायोडाटात जवळजवळ नसतोच, तो म्हणजे मराठीचा. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि वर्गात इंग्रजी असे वाढलेल्या मुलाजवळ तीन भाषा असतात. पुण्या-मुंबईच्या ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या इंदुरातील कचेरीला तसा माणूस हवाच असतो. भाषांतराचे काम असते, ध्वनिमुद्रणाचे असते. ज्याला मोडी वाचता येते त्याला तर संस्थानी दप्तरांचे सारे दालन मोकळे आहे. पण मुलगा भाषांच्या रकान्यात 'हिंदी, इंग्रजी' एवढेच लिहितो. का, असे विचारले तर म्हणतो, "ती तर घरची भाषा आहे." पुन्हा तेच, घरचे म्हणून सांगायचे नाही!

काम चोख असले तरी ते लोकांना कळवावे लागते, हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याला फार लवकर उमगले होते. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि ज्या घरांना नांगराशी काही कर्तव्य नव्हते त्या घरांतही ते वाचले गेले. आमच्या आजीच्या पेटीत त्याचे अंक होते.

असो. त्या दिवशी मी आणि ती मुलगी दोन तास बसलो. 'ध्येय' हे शीर्षक आणि ते वाक्य आम्ही खोडून टाकले. अनुभवाच्या रकान्यात तिने स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहिल्या: कुठले दुकान, किती काळ, कोणते काम, आणि ती अडकलेली वजावट कशी सोडवली. 'उत्कृष्ट' हा शब्द तिने एकदा घातला आणि माझ्याकडे पाहून आपणच काढला. भाषांत मराठी लिहिली, तीही पहिली. जाताना सवयीने तिने कागद पुढे केला, "सर, खाली तुमची सही?" मी म्हटले, आता तुझीच चालते.

हा नवा बायोडाटा पाहून तिच्या वडिलांना मुळीच आनंद झाला नाही. दुसऱ्याच दिवशी ते माझ्याकडे आले. "सर, दुकानातली गोष्ट बाहेर कशाला? लोक म्हणतील, मुलीला गल्ल्यावर बसवतो." मी त्यांना चहा दिला आणि मुलीने सोडवलेली ती रक्कम किती होती, एवढेच विचारले. आकडा सांगताना त्यांचा आवाज जरा बदलला. ती रक्कम मी येथे लिहीत नाही. ती त्यांच्या घरची गोष्ट आहे.

एप्रिलपासून ती मुलगी एका सनदी लेखापालांच्या कचेरीत जाते. पगार बेताचा आहे आणि पहिले सहा महिने परीक्षेचे आहेत. तिथल्या मुलाखतीत तिला पुरवठादाराच्या त्या बिलांविषयीच वीस मिनिटे विचारीत होते, असे तिने फोनवर सांगितले. तिचे वडील परवा राजवाड्यापाशी भेटले. दुकानाचे हिशोब आता त्यांना स्वतः लिहावे लागतात, आणि महिन्याची ११ तारीख जवळ आली की रात्री नऊनंतर मुलीची मनधरणी करावी लागते, अशी त्यांची तक्रार होती.